घणाच्या गावातलं गाणं

बर्मिंगहॅमच्या महापालिका संग्रहालयात दाखल झालेली पहिली वस्तू तांब्याची होती, आणि ती बिहारमधून आली होती. १८६१ साली भागलपूरजवळ सुलतानगंज इथे रेल्वेचं काम चालू असताना ई. बी. हॅरिस या इंजिनिअरला मातीखाली बुद्धाची मूर्ती सापडली. उंची सव्वादोन मीटरांच्या वर, वजन सुमारे पाचशे किलो, उजवा हात अभयमुद्रेत. सॅम्युएल थॉर्नटन हा बर्मिंगहॅमचा लोखंडी सामानाचा व्यापारी आणि शहराचा माजी महापौर. त्याने २०० पौंड मोजून ही मूर्ती मिळवली आणि १८६४ मध्ये ती शहराला देऊ केली. संग्रहालयाची इमारत तेव्हा बांधलीही नव्हती. तेराशे ते पंधराशे वर्षांपूर्वीच्या भारतीय ओतकारांचं काम इंग्लंडातल्या एका धातूच्या व्यापाऱ्याने धातूच्याच गावासाठी घेतलं आणि तिथल्या संग्रहाची सुरुवात त्या मूर्तीने झाली.

त्याच संग्रहालयात २०११ मध्ये, मग २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये हेवी मेटल या संगीतावरची प्रदर्शनं भरली. ही बातमी ऐकून भुवया उंचावणारे बरेच जण होते. लांब केस, काळे टी-शर्ट, कवट्या, कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी हे सगळं एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकार बर्न-जोन्सच्या चित्रांशेजारी कशाला, असा प्रश्न त्यांना पडला. पण ज्याने त्या इमारतीचा इतिहास थोडा जरी चाळला असेल, त्याला या पाहुण्याचं आगमन अजिबात परकं वाटू नये.

ही इमारत उभी राहिली गॅसच्या पैशातून. शहराचा गॅसपुरवठा महापालिकेच्या हातात होता आणि त्यात नफा होता. कलादालनासाठी लोकांवर किती कर लावायचा, याला मात्र कायद्याने मर्यादा घातलेली होती. म्हणून गॅस समितीने स्वतःच्या कचेऱ्या बांधायला घेतल्या आणि त्यांच्या वरच कलादालन बांधलं. १८८५ मध्ये ते उघडलं. उद्योगाच्या कमाईतून आम्ही कलेला हातभार लावतो, अशा अर्थाचा मजकूर तिथल्या स्मारकशिलेवर आजही आहे. गॅस खात्याच्या जुन्या दालनाला अजून ‘गॅस हॉल’ म्हणतात. २६ जून ते २९ सप्टेंबर २०१९ या काळात ‘ब्लॅक सॅबथ : ५० वर्षं’ हे प्रदर्शन भरलं ते याच गॅस हॉलमध्ये.

हेवी मेटलच्या जन्माबद्दल बरेच वाद आहेत आणि ते अजून चालतील. लेड झेपेलिन, डीप पर्पल, अमेरिकेतले काही बँड, प्रत्येकाचे वकील आहेत. पण बर्मिंगहॅमचा दावा सगळ्यांत भक्कम आहे, कारण तो एका ठिकाणाशी, एका धंद्याशी आणि एका अपघाताशी बांधलेला आहे. ब्लॅक सॅबथ या बँडचे चौघेही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन आणि आसपासच्या कामगारवस्तीतले. ज्युडास प्रीस्ट हा बँडही इथलाच. लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बोनम हेही याच मिडलंड्सच्या पट्ट्यातले. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ‘ब्लॅक कंट्री’ नावाचा मुलूख आहे. कोळसा, भट्ट्या आणि धूर यांवरून पडलेलं हे नाव. साखळ्या, नांगर, कुलपं, खिळे, नळ्या, मोटारींचे सुटे भाग, काय काय म्हणून इथे घडत नव्हतं. टायटॅनिकचा मोठा नांगर इथल्याच नेदरटनच्या कारखान्यात घडला.

प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड वॉल्सॉलचा. शाळेच्या वाटेवरच्या धातूच्या कारखान्यांचा धूर आणि वर्गापर्यंत पोचणारी घणांची थरथर त्याने आपल्या आठवणींत पुन्हा पुन्हा सांगितली आहे. त्याच बँडचा गिटारवादक ग्लेन टिप्टन काही काळ सरकारी पोलाद कंपनीत नोकरीला होता. १९८० मध्ये त्यांनी काढलेल्या अल्बमचं नाव ‘ब्रिटिश स्टील’. तो ध्वनिमुद्रित करताना पोलादाचा आवाज हवा होता आणि तेव्हा यंत्रातून हवा तो आवाज उचलण्याची सोय नव्हती. मग या मंडळींनी दुधाच्या बाटल्या फोडल्या, काट्याचमच्यांनी भरलेले ट्रे आपटले आणि ते आवाज गाण्यांत बसवले. पोलादाच्या गावची पोरं पोलादाचा आवाज स्वयंपाकघरातल्या भांड्यांतून काढत होती.

आता त्या अपघाताकडे.

१९६५ साल. पुढे ब्लॅक सॅबथचा गिटारवादक झालेला टोनी आयोमी तेव्हा सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. गिटार वाजवून पोट भरता येईल अशी संधी चालून आली होती, युरोपचा दौरा ठरला होता, आणि नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. दुपारच्या सुटीत घरी आल्यावर त्याला परत जायचं नव्हतं. काम नीट पुरं करून ये, असं आईने बजावलं म्हणून तो गेला. त्या दिवशी एक कामगार आला नव्हता, म्हणून त्याला पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर बसवलं. त्या यंत्राची त्याला सवय नव्हती. यंत्र खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबणारा त्याचा हात उजवा. गेली ती नेमकी त्याच हाताची बोटं.

डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं. कारखान्याचा फोरमन मात्र त्याच्या घरी एक रेकॉर्ड घेऊन आला आणि ऐक म्हणाला. आयोमीला ऐकायचीच नव्हती, फोरमनने आग्रहाने ऐकवली. वाजवणारा होता जँगो राईनहार्ट. आगीत भाजल्यामुळे डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेला आणि उरलेल्या बोटांवर युरोपचं जॅझ गाजवणारा वादक. या फोरमनचं नाव संगीताच्या इतिहासात फारसं कुणी घेत नाही. खरं तर त्याच्यासाठी एक वेगळी काचपेटी असायला हवी.

पुढचं काम आयोमीने स्वतः केलं, आणि ते कारागिराचं काम आहे. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिचा गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंगच्या सळीने त्याला भोक पाडत बोटाच्या मापाची पोकळी केली. मग सँडपेपरने तासून तासून शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या दोन टोप्या बनवल्या. त्या तारेवरून घसरत होत्या. म्हणून जुन्या चामडी जाकिटाचा तुकडा कापला, चिकटवला, आणि तो तारेला नीट धरेपर्यंत घासून गुळगुळीत केला. चामडं फार मऊ झालं की तार अडते, फार कडक राहिलं की निसटते. त्या टोपीखाली तारेचा स्पर्श कळत नाही. बोट कुठे पडलं, किती दाब द्यायचा, हे सगळं कानाने ठरवायचं.

तारा जाड असल्या की तुटक्या बोटांना दुखायचं. बारीक तारांचा संच बाजारात मिळत नव्हता, तेव्हा त्याने बँजोच्या तारा गिटारला लावल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या सॅबथच्या तिसऱ्या अल्बमपासून तारा आणखी सैल सोडल्या, दीड स्वराने खाली उतरवल्या. सैल तार वाकवायला सोपी आणि तिचा आवाज खर्जातला, जड, घरघरता. आज जगभरचे हजारो बँड जो आवाज हेवी मेटलचा म्हणून काढतात, त्याची एक मोठी बाजू ही अशी आहे: एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांनी शोधलेली सोय.

संग्रहालयात एखादी कथा मांडण्याचे दोन मार्ग असतात. एक, वस्तू ठेवायची, खाली पाटी लावायची, आणि पाहणाऱ्याला भारावून सोडायचं. दुसरा, ती वस्तू कुणी, कशी, कशासाठी केली हे दाखवायचं. हेवी मेटलवरची बहुतेक पुस्तकं नि माहितीपट पहिल्या वाटेने जातात. सैतान, वटवाघूळ, रक्त, आग, हॉटेलच्या खोल्यांची मोडतोड. बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनांचं मोल यात आहे की त्यांनी दुसरी वाट धरली. हे संगीत हातांनी केलेलं आहे आणि ते हात आधी दुसरं काम करत होते, ही गोष्ट त्यांनी आग्रहाने पुढे ठेवली.

सॅबथच्या चौघांची कामं बघा. आयोमी वेल्डर. बास वाजवणारा आणि बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला, हिशेबनीस होण्याच्या वाटेवर. ड्रमर बिल वॉर्ड जॅझच्या रेकॉर्डी ऐकून हात तयार केलेला. आणि गायक ऑझी ऑस्बर्न. १९४८ चा जन्म, अ‍ॅस्टनमधल्या लॉज रोडवरचं १४ नंबरचं दोन झोपायच्या खोल्यांचं घर, त्यात सहा भावंडं. वडील कारखान्यात अवजारं घडवणारे, रात्रपाळी करणारे. आई ल्युकसच्या मोटार-भागांच्या कारखान्यात. ऑझीला अक्षरं उलटसुलट दिसायची, शाळेत तो मागे पडला. कत्तलखान्यात राबला, ल्युकसमध्ये मोटारींचे हॉर्न सुरात लावण्याचं काम केलं, घरफोडीत सापडून विन्सन ग्रीनच्या तुरुंगात काही आठवडे काढले. दिवसभर कानाशी हॉर्न वाजवून बघणं हाच ज्याचा संगीताशी आलेला पहिला पगारी संबंध, त्या मुलाच्या आवाजाची गंमत समजायला ते कारखान्याचं दालन डोळ्यांपुढे आणावंच लागतं.

बँडवाल्यांच्या गळ्यात जे मोठे क्रूस दिसतात, त्यांवरून धर्मनिष्ठ लोकांनी काय काय तर्क केले. पण ऑझीच्या वडिलांनी स्वतः धातूचे क्रूस करून या पोरांच्या गळ्यात घातले होते. पोरं भुताखेतांची गाणी म्हणतात, जादूटोणा करणारे त्यांच्या मागे लागतात, तर त्यांना राखण हवी म्हणून. सैतानाची खूण समजून ज्याची धास्ती घेतली गेली, तो एका बापाने मुलासाठी केलेला ताईत होता.

या आवाजातली भीती कुठून आली? बँडचं आधीचं नाव ‘अर्थ’. बोरिस कार्लोफची भूमिका असलेला ‘ब्लॅक सॅबथ’ हा मारिओ बाव्हा यांचा १९६३ चा भयपट होता, त्यावरून नवं नाव घेतलं. पैसे मोजून लोक घाबरायला जातात, मग घाबरवणारं संगीत का नको, असा विचार त्यामागे होता. बटलरला गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ मधल्या ‘मंगळा’ची ओढ होती, तो ते सूर बासवर घोळवत असे. त्यातून आयोमीच्या हाती तीन स्वर लागले. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज, वरचा षड्ज, आणि मग तीव्र मध्यम. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं त्या तीन स्वरांवर उभं आहे. युरोपात या अंतराला सैतानाचा स्वर म्हणून बदनाम केलं गेलं. यमन ऐकत वाढलेल्या मराठी कानाला तीव्र मध्यमात संध्याकाळ दिसते, सैतान दिसत नाही. तरीही आयोमीने तो ज्या संथपणे, ज्या वजनाने ठेवला आहे, तो ऐकून छातीत धस्स होतंच. स्वर तोच असतो, तो कुणी कुठे ठेवला यावर सगळं अवलंबून.

तो पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या एका स्टुडिओत जवळजवळ एका दिवसात वाजवून झाला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, तो बाजारात आला. समीक्षकांनी नाकं मुरडली आणि तो ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेला ‘पॅरानॉइड’ पहिल्या क्रमांकावर. त्यातलं सुरुवातीचं गाणं युद्ध पुकारणाऱ्या सेनापतींवर आणि राजकारण्यांवर आहे. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा पेटलेलं होतं. ही पोरं ज्या गल्ल्यांत खेळली तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांचे ढिगारे अजून पडलेले होते. फुलं माळून शांततेची गाणी गाणारा कॅलिफोर्निया त्यांच्यापासून फार लांब होता.

इतकं होऊनही हे शहर कित्येक दशकं या मुलांना आपलं म्हणायला तयार नव्हतं. लिव्हरपूलने बीटल्सवर पर्यटनाचा धंदा उभा केला. बर्मिंगहॅममध्ये मात्र बाहेरून आलेला चाहता सॅबथचं गाव कुठे आहे म्हणून विचारत फिरायचा आणि त्याला दाखवायला कुणाकडे काही नसायचं. हे बदलायला ‘कॅप्स्यूल’ ही स्थानिक संस्था आणि तिच्या लिसा मेयर कारणीभूत ठरल्या. त्यांनी ‘होम ऑफ मेटल’ नावाचं काम हाती घेतलं. संग्रहालयाच्या कपाटांत या संगीताचं जवळजवळ काहीच नव्हतं. मग त्यांनी लोकांनाच बोलावलं: तुमच्या माळ्यावर, कपाटात, पलंगाखाली जे असेल ते घेऊन या.

लोक आले. तिकिटांचे तुकडे, हाताने लिहिलेली पोस्टरं, धुऊन धुऊन विटलेले टी-शर्ट, रेकॉर्डी आणि जाकिटं.

त्या जाकिटांपाशी थोडं थांबायला हवं. बाह्या कापलेलं डेनिमचं जाकीट, आणि त्यावर बँडच्या नावांच्या कापडी बिल्ल्यांची दाटी. पाठीवर एक मोठा बिल्ला, भोवती लहान. प्रत्येक बिल्ला म्हणजे एक कार्यक्रम, एक प्रवास, एक वर्ष. शिवण बहुधा हातचीच, कारण जाड कापडावर यंत्राची सुई मोडते. कुठे दोरा काळा, कुठे मिळेल त्या रंगाचा. आईने घातलेले नेटके टाके वेगळे कळतात आणि सोळा वर्षांच्या मुलाने घाईत मारलेले वेगळे. असं जाकीट धुवायचं नाही, असा एक अलिखित नियम असतो. गोधडीत जशी घरातली जुनी लुगडी एकमेकांशेजारी येतात, तशी यात माणसाची पंधरा-वीस वर्षं शेजारी शेजारी येतात. सॅन फ्रान्सिस्कोचा बेन व्हेनम हा कलाकार मेटलच्या जुन्या टी-शर्टांच्या खरोखरच गोधड्या शिवतो. २०१९ च्या उपक्रमात त्याचंही प्रदर्शन बर्मिंगहॅममध्ये होतं. वॉल्सॉलच्या कलादालनात अ‍ॅलन केन या कलाकाराने चार झोपायच्या खोल्यांचं घर मांडून ते मेटलच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंनी भरलं होतं.

गॅस हॉलमधल्या प्रदर्शनाचा प्राण होते ते चाहत्यांचे चेहरे. देशोदेशीच्या सॅबथप्रेमींची छायाचित्रं काढली गेली आणि ती बँडच्या वस्तूंइतक्याच मानाने लावली गेली. कलाकार आणि ऐकणारा यांच्यात उंच-नीच न करणारी अशी मांडणी क्वचित दिसते. पॅरिसच्या फिलहार्मनीने २०२४ मध्ये ‘मेटल : डायबोलस इन म्युझिका’ हे भव्य प्रदर्शन भरवलं, आणि ते चालू असतानाच त्या जुलैत ऑलिंपिकच्या उद्घाटनात गोजिरा हा फ्रेंच मेटल बँड नदीकाठच्या जुन्या राजवाड्याच्या खिडक्यांतून वाजला. पॅरिसने या संगीताला प्रतिष्ठा दिली, हे मोठंच. पण आपल्या गल्लीतल्या माणसांना हाक मारून त्यांच्याकडच्या वस्तूंनी दालन भरणं, हे बर्मिंगहॅमलाच जमलं.

दोन बोटं उभी, मधली दोन मुडपलेली ही शिंगांची खूण आज या संगीताची ओळख आहे. ती रुळवली रॉनी जेम्स डिओ याने. ऑझीनंतर १९७९ मध्ये तो सॅबथचा गायक झाला. डिओ इटालियन घरातला. त्याची आजी कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून रस्त्यात अशी बोटं करायची, ते त्याने लहानपणी पाहिलं होतं. दृष्ट काढणाऱ्या आजीची खूण लाखो पोरांच्या हातात गेली आणि बाहेरच्यांनी तिचा अर्थ सैतानाची पूजा असा लावला. या गैरसमजाची किंमतही मोजावी लागली. दोन तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नाला गाण्यातले लपलेले शब्द कारण झाले, असा दावा ज्युडास प्रीस्टवर अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनोच्या कोर्टात १९९० मध्ये चालला. कोर्टाने तो मान्य केला नाही. पण इतकी वर्षं झाली तरी मुलाच्या खोलीत कवटीचं पोस्टर दिसलं की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो.

मुंबईतल्या किती घरांत असा गोळा आला असेल! १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव भरू लागला. उघड्यावरचं ते नाट्यगृह मराठी माणसाला शाहिरी आणि नाटकांसाठी ठाऊक; ऑगस्टात तिथेच पावसात भिजत काळ्या टी-शर्टांची गर्दी उभी राहायची. शेजारी रुग्णालयं आणि महाविद्यालय असल्याने ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे २००३ च्या सुमारास तिथला हा आवाज थांबला. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडन या मेटल बँडने आपल्या जगदौऱ्याची सुरुवात केली ती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला घेऊन आला होता. ‘फ्लाइट ६६६’ या माहितीपटात मुंबईची ती रात्र आहे. आणि मुंबईच्याच डिमॉनिक रेझरेक्शन या बँडने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर अख्खा अल्बम केला, नाव ‘दशावतार’. कोकणातल्या जत्रेत रात्रभर दशावतार बघितलेल्या माणसाला ढोलाचा दणका, रंगवलेले चेहरे आणि संकासुराची दहशत नवी नाही. अ‍ॅस्टनच्या चार पोरांनी उघडलेल्या वाटेवर मुंबईची पोरं मत्स्य, कूर्म, वराह घेऊन चालत गेली.

२०२५ चा उन्हाळा बर्मिंगहॅमसाठी फार दाटून आलेला होता. २५ जूनला संग्रहालयात ‘ऑझी ऑस्बर्न : वर्किंग क्लास हीरो’ हे विनामूल्य प्रदर्शन उघडलं. तीन दिवसांनी सॅबथच्या चौघांना शहराचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. ५ जुलैला व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर निरोपाचा कार्यक्रम झाला. हे मैदान लॉज रोडच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी ऑझी सामन्याच्या दिवशी बाहेर उभ्या केलेल्या मोटारी राखून चार पैसे मिळवत असे, ते याच मैदानाबाहेर. मेटॅलिका, गन्स एन रोझेस, स्लेअर, टूल असे एकेक बडे बँड तिथे येऊन सॅबथची गाणी वाजवून गेले. पार्किन्सनने ग्रासलेला ऑझी सिंहासनात बसून गायला. उभं राहणं त्याला शक्य नव्हतं. २००५ नंतर प्रथमच मूळचे चौघे एकत्र आले आणि चार गाणी वाजवून थांबले. उत्पन्न पार्किन्सनवरच्या संशोधनासाठी, बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयासाठी आणि आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेसाठी होतं.

सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. शहात्तर वर्षांचा होता.

प्रदर्शन चालूच होतं. ज्या दालनात लोक जिवंत माणसाचं कौतुक बघायला येत होते, तिथे आता शोक करायला येऊ लागले. शोकसंदेशांची वही ठेवली गेली, रांगा लागल्या, मुदत वाढवावी लागली. प्रदर्शनात होते ग्रॅमी पुरस्कार, सोनेरी आणि प्लॅटिनम तबकड्या, मानचिन्हं, मोठी छायाचित्रं. इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी: त्या चकचकीत तबकड्या नावातल्या ‘वर्किंग क्लास’ या शब्दांना पुरत नाहीत. पुरस्कारांच्या भिंतीवरून ल्युकसच्या हॉर्नचा आवाज येत नाही, रात्रपाळीहून आलेल्या बापाची चाहूल लागत नाही. २०१९ च्या मांडणीत घाम होता, इथे यश होतं. पण आलेल्या माणसांनी ती उणीव भरून काढली. काचेच्या अलीकडे जे उभे होते, त्यांच्या जाकिटांवर सगळा इतिहास शिवलेलाच होता.

३० जुलैला अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली. कालव्यावरच्या पुलाला २०१९ मध्येच ब्लॅक सॅबथचं नाव दिलेलं, तिथे चौघांचे चेहरे असलेला बाक. त्या बाकाभोवती फुलांचा खच पडला होता. पुढे चालत होता तो गावातलाच पितळी वाद्यांचा बँड आणि वाजवत होता सॅबथचीच गाणी. मिडलंड्समधल्या खाणी-कारखान्यांच्या वस्त्यांत अशा ब्रास बँडची परंपरा जुनी आहे, कामगारच ते चालवत आले. गिटारीच्या त्या काळ्याकुट्ट सुरावटी पितळेतून आल्या तेव्हा त्या किती जुन्या आणि किती इथल्या आहेत हे ऐकणाऱ्याला कळलं.

आणि हे सगळं अशा शहरात, ज्याच्या महापालिकेने सप्टेंबर २०२३ मध्ये तिजोरी रिकामी झाल्याची कायदेशीर सूचना काढली होती आणि त्यानंतर बड्या कलासंस्थांची अनुदानं कापली होती. संग्रहालयाची इमारतही विजेची जुनी जोडणी बदलण्यासाठी वर्षानुवर्षं बंद होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा काही भाग पुन्हा उघडला. गॅसच्या नफ्यातून कलादालन बांधणाऱ्या शहरावर ही वेळ यावी, याचं वाईट वाटतं. त्यातही संग्रहालय पुन्हा उघडलं ते लोकांसाठी फुकटच, हे त्या शिलालेखाला जागणं झालं.

या गोष्टीचा एक तुकडा संग्रहालयाबाहेर, न्यू स्ट्रीट रेल्वे स्थानकात आहे. दहा मीटर उंचीचा यांत्रिक बैल. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेच्या उद्घाटनात तो मैदानात आला तेव्हा त्याला साखळ्यांनी ओढत आणत होत्या साखळ्या घडवणाऱ्या बायका. म्हणजे त्यांची भूमिका करणाऱ्या कलाकार. खऱ्या बायका ब्लॅक कंट्रीतल्या क्रॅडली हीथच्या. घरामागच्या खोपटात भट्टी, हातात हातोडा, पोर पायाशी, आणि लाल तापलेल्या सळीच्या कड्या वळून साखळी करायची, तुटपुंज्या मजुरीवर. १९१० मध्ये कामगारनेत्या मेरी मॅकआर्थर यांच्या पुढाकाराने त्या संपावर गेल्या, दहा आठवडे टिकल्या आणि मजुरी जवळजवळ दुप्पट करून घेतली. संपासाठी जमलेल्या पैशातून जे उरलं, त्यातून कामगारांसाठी सभागृह बांधलं.

स्पर्धा संपल्यावर बैल मोडीत काढायचं ठरलं होतं. लोकांनी ओरड केली आणि तो वाचला. २०२३ च्या जुलैत तो स्थानकात आणून उभा केला, आणि नाव काय ठेवायचं हे लोकांच्या मतावर सोडलं. लोकांनी निवडलेलं नाव आहे ‘ऑझी’. ठरलेल्या वेळी तो मान वळवतो, डोळे उघडतो-मिटतो. गाडीची वाट पाहणारी मुलं त्याच्या समोर उभी राहतात, फोटोसाठी मधली दोन बोटं मुडपून हात वर करतात, आणि मागे त्याची दोन शिंगं असतात.